रोज संध्याकाळी तयार होणारं कारण

माझा एक जुना मित्र यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन विभाग सांभाळतो. मध्यंतरी त्याच्या कंपनीचे तिमाही निकाल लागले. नफा आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्क्यांनी वाढला होता. वर्षभर पुरतील एवढ्या ऑर्डरी हातात होत्या, दोन पाळ्यांच्या तीन पाळ्या झाल्या होत्या. आणि त्याच दिवशी शेअर ९ टक्क्यांनी पडला. दुपारी त्याचा फोन आला. "वर काहीतरी शिजतंय आणि आम्हाला कळत नाहीये, असं वाटतंय रे." कॅन्टीनमध्ये लोक हळू आवाजात बोलत होते. त्याच्या हाताखालच्या एका तरुण इंजिनिअरनं घरकर्जाचा भरून ठेवलेला अर्ज परत खणात टाकला. संध्याकाळी बातमी आली: 'नफावसुलीमुळे समभाग घसरला.'

हे वाक्य मी गेली वीस वर्षं वाचतो आहे आणि त्यातून काहीही कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. कुणीतरी नफा पदरात पाडून घ्यायला शेअर विकला, हे खरं असेलही. पण तो विकला गेला म्हणजे कुणीतरी तो विकत घेतला. जेवढे विकले गेले तेवढेच घेतले गेले, एकही कमी-जास्त नाही. मग त्या दिवसाचं वर्णन 'नव्या गुंतवणूकदारांच्या खरेदीमुळे समभाग घसरला' असं का करायचं नाही? तेही तितकंच खरं आणि तितकंच निरुपयोगी आहे. 'विक्रीचा मारा', 'खरेदीचा जोर' या शब्दांनी चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, पण प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात ही साधी गोष्ट त्या चित्रातून गळून पडते.

भाव हलतो कसा, हे एकदा अगदी जवळून पाहायला हवं. ब्रोकरच्या पडद्यावर कोणत्याही शेअरच्या दोन याद्या दिसतात. एका बाजूला घ्यायला उभे असलेले, दुसऱ्या बाजूला विकायला उभे असलेले. समजा, शेवटचा व्यवहार ५०० च्या भावानं झाला आहे. घेणाऱ्यांच्या यादीत ५०० ला २५० शेअर मागितलेत, ४९९.५० ला ४००, ४९८ ला १५० आणि ४९७ ला ६००. आता एक माणूस येतो आणि 'मिळेल त्या भावाला १,००० विका' अशी ऑर्डर टाकतो. पहिले २५० शेअर ५०० ला जातात, पुढचे ४०० साडेनव्याण्णवला, मग १५० अठ्ठ्याण्णवला आणि उरलेले २०० सत्त्याण्णवला. क्षणभराचा खेळ. पडद्यावर आता भाव दिसतो ४९७.

कंपनीबद्दल या क्षणात कुणालाही नवीन काही कळलेलं नाही. त्या माणसाला कदाचित मुलीच्या शिक्षणाची फी भरायची असेल. पण कंपनीचे एकूण १० कोटी शेअर असतील, तर तिचं बाजारमूल्य ५,००० कोटींवरून ४,९७० कोटींवर आलं. प्रत्यक्षात हात बदललेली रक्कम पाच लाखांपेक्षाही कमी आहे, आणि 'बुडालेले' मात्र ३० कोटी. गुंतवणूकदारांचे एवढे कोटी पाण्यात, असे मथळे ज्या आकड्यांवर उभे असतात ते आकडे असेच तयार होतात: शेवटच्या एका छोट्या व्यवहाराचा भाव घ्यायचा आणि तो न विकलेल्या प्रत्येक शेअरला चिकटवायचा. ते पैसे कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेलेले नसतात. वर जाताना 'निर्माण झालेली' संपत्तीही अशीच असते, हे तेजीच्या दिवसांत आपण सोयीनं विसरतो.

मोठ्या कंपनीत दोन्ही याद्या लांबलचक असतात, त्यामुळे हजार शेअरनं तिथं पान हलत नाही. पण तत्त्व तेच. भाव म्हणजे सगळ्या भागधारकांच्या मताची सरासरी नव्हे. त्या क्षणी ज्यांना काहीतरी करायचं होतं, त्यांच्यातल्या अगदी काठावरच्या घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा तो सौदा आहे. बाकीचे लाखो भागधारक गप्प बसलेले असतात आणि त्यांच्या गप्प बसण्याची पडद्यावर नोंद नसते.

मग त्या याद्यांमध्ये कोण कुठल्या भावाला उभं राहतं, हा खरा प्रश्न. इथं कंपनीचा धंदा येतो, पण तो आज कसा चालला आहे एवढ्यापुरता नाही. शेअर घेणारा पुढच्या सगळ्या वर्षांच्या नफ्यातला आपला वाटा आज विकत घेत असतो. आजचा नफा जगजाहीर असतो, तो भावात आधीच मुरलेला असतो. बदलतो तो अंदाज. माझ्या मित्राच्या कंपनीचा नफा १८ टक्क्यांनी वाढला, पण तिच्यावर नजर ठेवून असणाऱ्यांनी २५ टक्के धरून ठेवले होते. विद्यार्थ्याला ८२ टक्के मिळावेत आणि घरच्यांनी ९० गृहीत धरलेले असावेत, तसं. गुण वाईट नव्हते, अपेक्षेचं गणित चुकलं होतं.

आणि अपेक्षेतला छोटा फरक भावात केवढा मोठा होतो, हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. एखादा समभाग पुढच्या वर्षी १०० देईल, ती रक्कम दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत जाईल आणि एवढी जोखीम पत्करायला गुंतवणूकदाराला वर्षाला ८ टक्के परतावा हवा आहे, असं धरा. वजाबाकी केली की उरतात ५ टक्के. १०० ला ५ टक्क्यांनी भागलं की किंमत येते २,०००. आता वाढीचा अंदाज ३ वरून २ टक्के करा. किंमत १,६६७ च्या आसपास. एका टक्क्याच्या फरकानं शेअर सहाव्या हिश्शानं खाली आला. आता पुन्हा मूळ आकड्यांवर या. वाढ ३ टक्केच ठेवा, पण गुंतवणूकदाराला ८ ऐवजी ९ टक्के परतावा हवासा वाटू लागला असं समजा. व्याजदर वाढला असेल, किंवा लोक नुसते घाबरलेले असतील. किंमत? पुन्हा १,६६७ च्या आसपास.

माझ्या म्हणण्याचा सगळा भार या दोन आकड्यांवर आहे. पहिल्या वेळी कंपनीचं भविष्य मंदावलं. दुसऱ्या वेळी कंपनीला काहीही झालं नाही, पैशाची किंमत बदलली. भाव दोन्ही वेळा तेवढाच पडला. नुसत्या भावाकडे पाहून यातलं काय घडलं हे कुणालाही सांगता येणार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर जवळपास शून्यावरून वर्षअखेरीपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांपर्यंत नेला आणि नॅसडॅक निर्देशांक त्या वर्षात सुमारे एक तृतीयांशानं घसरला. ज्यांचा नफा दूरच्या भविष्यात आहे अशा कंपन्यांची त्या निर्देशांकात गर्दी आहे, आणि दूरच्या पैशाची आजची किंमत व्याज वाढलं की सगळ्यात जास्त आक्रसते.

चांगली कंपनी आणि चांगला शेअर या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला सिस्कोच्या इतिहासानं शिकवलं. इंटरनेटचं जाळं ज्या उपकरणांवर उभं राहिलं, ती उपकरणं ही कंपनी बनवत होती. मार्च २००० मध्ये तिचा शेअर ८० डॉलरच्या आसपास होता, ती काही काळ जगातली सगळ्यात मूल्यवान कंपनी ठरली होती आणि लोक तिच्या वार्षिक नफ्याच्या शंभरपटीहून जास्त भाव मोजत होते. पुढच्या दहा वर्षांत तिनं काय केलं? २००० च्या आर्थिक वर्षातली सुमारे १,८९० कोटी डॉलरची विक्री २०१० मध्ये ४,००० कोटींवर गेली. नफा जवळजवळ तिप्पट झाला. इंटरनेट जग बदलणार हा लोकांचा अंदाजही तंतोतंत खरा ठरला. आणि २०१० च्या जुलैत शेअर होता २५ डॉलरच्याही खाली. कंपनी नापास झाली नव्हती. तिच्याकडून मागितलं गेलं होतं ते कुणालाच देता येण्याजोगं नव्हतं.

एवढं सगळं मान्य केलं तरी असं वाटू शकतं की नफ्याचा अंदाज आणि व्याजदर या दोन गोष्टींनी हिशेब पुरा होतो. तसं असतं तर बरं झालं असतं. भाव हलण्याचं तिसरं मोठं कारण कंपनीच्या आत किंवा अर्थव्यवस्थेतही नसतं. ते असतं शेअर धरून बसलेल्याच्या परिस्थितीत. २६ मार्च २०२१ रोजी व्हायाकॉम सीबीएस या करमणूक क्षेत्रातल्या कंपनीचा शेअर एका दिवसात २७ टक्के कोसळला. आर्चेगॉस नावाच्या एका खासगी गुंतवणूक संस्थेनं अनेक बँकांकडून उसनवारी करून अशा मोजक्या कंपन्यांमध्ये प्रचंड पैसा गुंतवला होता. भाव उतरू लागले, बँकांनी वाढीव तारण मागितलं, संस्थेला ते देता आलं नाही आणि बँकांनी मिळेल त्या भावाला शेअर बाजारात ओतले. त्या दिवशी त्या कंपनीच्या वाहिन्या बघणारे प्रेक्षक काही एक चतुर्थांशानं घटले नव्हते.

उलट्या दिशेनंही हेच होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये जागतिक मंदी दाराशी उभी असताना फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा शेअर काही काळ १,००० युरोंच्या वर गेला आणि ती जगातली सगळ्यात मूल्यवान कंपनी बनली. पोर्श या दुसऱ्या मोटार कंपनीनं त्या आठवड्याच्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की तिच्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के समभाग आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर करारांनी तिचा हक्क आहे. २० टक्क्यांहून थोडे जास्त लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडे होते. बाजारात फिरायला उरले जेमतेम ६ टक्के. आणि ज्यांनी भाव पडेल या भरवशावर उसने शेअर घेऊन आधीच विकून टाकले होते, त्यांना परत करायला त्याहून जास्त हवे होते. त्यांच्यापुढे किंमत विचारण्याची सोयच उरली नव्हती. गाड्यांच्या मागणीचा या भावाशी काडीचा संबंध नव्हता.

ही दोन टोकाची उदाहरणं आहेत, हे कबूल. पण सौम्य रूपात हे रोज चालतं. एखाद्या कंपनीचा मोठ्या निर्देशांकात समावेश झाला की त्या निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या फंडांना तिचे शेअर घ्यावेच लागतात, आणि भाव वर सरकतो. अर्थतज्ज्ञ आंद्रेई श्लायफर यांनी १९८६ मध्येच ही गोष्ट आकड्यांनी दाखवली होती. अलीकडे झेव्हियर गॅबे आणि राल्फ कोयन या अर्थतज्ज्ञांनी काढलेला अंदाज तर विचार करायला लावणारा आहे: शेअर बाजारात बाहेरून १ डॉलर आला, तर बाजाराचं एकूण मूल्य सुमारे ५ डॉलरनं फुगतं. बरेचसे फंड ठरलेल्या प्रमाणातच शेअर ठेवतात. भाव चढला म्हणून सहजी विकत नाहीत आणि उतरला म्हणून घेत नाहीत. त्यामुळे येणारा थोडासा पैसाही भाव बराच वर ढकलतो. हा आकडा नेमका किती, यावर वाद आहेत. पण पैसा येण्या-जाण्यानं भाव हलतो, मग त्यामागे बातमी असो वा नसो, हे आता नाकारता येत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात माणसासारखी वाटते. शेअर घेणारा प्रत्येक जण तो कायम ठेवायला घेत नाही. उद्या दुसऱ्याला विकायचा असेल, तर मला काय वाटतं यापेक्षा दुसऱ्याला काय वाटेल हे महत्त्वाचं. आणि तो दुसराही तिसऱ्याचाच अंदाज बांधत असतो. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये हे ओळखून लिहून ठेवलं होतं. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, तेव्हा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात गुंतवणूकदारांना प्रश्नावली पाठवली. त्या दिवशी तुमच्या मनात सगळ्यात जास्त काय होतं? उत्तरांमध्ये सर्वांत वरचढ ठरली ती खुद्द भावातली पडझडच. भाव पडत होता म्हणून लोक विकत होते आणि लोक विकत होते म्हणून भाव पडत होता. देशाच्या एका दिवसाच्या उत्पादनात, कारखान्यांत, शेतांत, शोधांत एवढ्या मापाचा कोणताही बदल झालेला नव्हता.

याचा अर्थ भाव म्हणजे निव्वळ सट्टा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. उलट बाजूची एक घटना माझ्या मनातून जात नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. यान उभं करण्यात चार मोठ्या कंपन्यांचा हात होता: रॉकवेल, लॉकहीड, मार्टिन मॅरिएटा आणि मॉर्टन थायोकोल. दोष कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बातमी येताच चौघींचे शेअर पडले. पण दिवसअखेर तीन कंपन्या ३ टक्क्यांच्या आसपास घसरून सावरल्या आणि थायोकोल सुमारे १२ टक्के खाली होती. पुढे जूनमध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. दोष थायोकोलनं बनवलेल्या रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्यांचा निघाला, थंडीत त्या कडक पडल्या होत्या. आयोगाला जे सांगायला महिने लागले, ते बाजारानं काही तासांत बोट ठेवून दाखवलं. कुणी, काय माहिती असताना विकलं, हे नंतरच्या संशोधकांनाही सापडलं नाही.

तर भावात माहिती असते, आणि कधी कधी ती थक्क करणारी असते. अडचण ही की तीच संख्या कधी अचूक साक्ष देते आणि कधी एखाद्या कर्जबाजारी संस्थेचा हुंदका असते, आणि दोन्ही दिवशी ती दिसायला सारखीच असते. २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात युजीन फामाही होते आणि शिलरही. भाव उपलब्ध माहिती लगेच पचवतो हे दाखवण्यात फामांचं आयुष्य गेलं. भावांची वरखाली लाभांशांतल्या बदलांनी समजावता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त असते, हे शिलर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. दोघांना एकाच मंचावर बोलावणाऱ्यांनी माझ्या मते गोंधळ घातला नाही. त्यांनी परिस्थितीचं नेमकं वर्णन केलं.

म्हणूनच 'अमुक कारणानं बाजार पडला' या रोजच्या वाक्याला माझा विरोध आहे. हा भाषेचा किरकोळ मुद्दा नाही. भाव हे कंपनीचं प्रगतिपुस्तक आहे, असं एकदा सगळ्यांनी धरलं की कंपनी चालवणारेही त्या पुस्तकासाठीच अभ्यास करू लागतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वित्त अधिकाऱ्यांना विचारलं गेलं होतं, की तिमाही नफ्याचं लक्ष्य हुकणार असेल तर तुम्ही काय कराल? संशोधन, जाहिरात, देखभाल यांवरचा खर्च कमी करू, असं सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं. यंत्राची देखभाल पुढं ढकलली की या तिमाहीचा नफा वाढतो. ते यंत्र तीन वर्षांनी बंद पडतं, तोवर निर्णय घेणारा माणूस बक्षिसाचे समभाग विकून दुसरीकडे गेलेला असतो. मी ज्यांना हे विचारलं त्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं. त्यांना विचारायला एरवी कुणी येत नाही, एवढंच.

मोठ्या अधिकाऱ्यांचा मोबदला भावाला बांधायचाच असेल, तर तो पाच-सात वर्षांनंतरच्या भावाला बांधावा, आणि नोकरी सोडल्यानंतरही काही वर्षं ते समभाग विकता येऊ नयेत. युरोपीय संघानं २०१३ मध्ये तिमाही अहवालांची सक्ती काढून टाकली, त्यामागे हाच विचार होता. एवढ्यानं सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, कारण बऱ्याच कंपन्या सवयीनं तिमाही आकडे देतच राहिल्या. पण दिशा बरोबर होती. सरकारांनी तर निर्देशांक चढला की श्रेय घेणं थांबवावं, मग तो उतरल्यावर दोष घेण्याची वेळही त्यांच्यावर येणार नाही. आणि बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: भाव किती हलला ते सांगा, त्या दिवशी काय काय घडलं तेही सांगा, पण दोन्हींच्या मध्ये 'मुळे' हा प्रत्यय लावण्याआधी थांबा. 'कारण स्पष्ट नाही' हे वाक्य छापायला लाज वाटण्याचं काही कारण नाही. हवामान खातंसुद्धा पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतं.

माझ्या मित्राच्या कंपनीचा शेअर दीड महिन्यात जिथून पडला होता तिथं परत आला. त्याचंही कारण संध्याकाळी छापून आलं, ते मला आता आठवत नाही. त्या तरुण इंजिनिअरनं कर्जाचा अर्ज खणातून काढून चार महिन्यांनी भरला. तोवर व्याजदर पाव टक्क्यानं चढला होता आणि त्यानं पसंत केलेलं घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. कारखान्यात तिसरी पाळी अजून चालू आहे.